नमविलेलें लाकूड

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील बत्तिसाव्या सूक्तांत कवि इंद्राला आपल्या स्तुतीनें स्वतःकडे वळवूं पाहतो, आणि त्यासाठीं त्याला उपमा सुचते ती एका सुताराची. उत्तम लाकडाची नेमि, म्हणजे चाकाचा बाहेरचा घेर, सुतार जसा वांकवून आणतो, तसा मी देवाला वाणीनें वांकवितों, असा त्या उपमेचा भाव आहे. धम्मपदांत सुताराचें लाकडाला नमविणें आणि शहाण्या पुरुषाचें स्वतःला नमविणें हीं शेजारीं शेजारीं ठेविलीं आहेत. तिकडे ग्रीस देशांत होमरच्या इलियडच्या चौथ्या सर्गांत रणांत पडलेल्या एका तरुण वीराला कवीनें पॉप्लर वृक्षाची उपमा दिली आहे. आणि तो वृक्ष रथ करणाऱ्यानें चाकाचा घेर वांकविण्यासाठीं तोडलेला आहे. तीन भाषा, आणि तीन निराळे हेतु. एकाला देव वळवावयाचा आहे, दुसऱ्याला मन वळवावयाचें आहे, तिसऱ्याला एका अकालीं आलेल्या मृत्यूचा शोक करावयाचा आहे. परंतु तिघांच्याहि डोळ्यांपुढें एकच माणूस उभा आहे, आणि तो म्हणजे ताठ लाकडाला न मोडतां वळण देणारा सुतार.

या उपमांवर भाष्यें झालीं, टीका झाल्या, पाठशाळांतून त्यांचा अर्थ सांगितला गेला. परंतु त्या सुतारानें तें लाकूड वांकविलें तरी कसें, हा प्रश्न आपल्या विद्वानांपैकीं फारच थोड्यांना पडला असावा. उपमान सिद्धच आहे, आपण उपमेयाकडे वळावें, अशी आपल्या विद्येची रीत. वस्तुतः या प्रश्नाचें उत्तर उपमेहून कमी रम्य नाहीं. त्या उत्तराच्या शोधानें एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील एका लहान गांवच्या सुताराचें घरदार प्रथम घालविलें, आणि मग त्याच्या हातची वस्तु जगाच्या बंदरोबंदरीं पोंचविली. वाचकांपैकीं कित्येक जण त्या वस्तूवर, तिच्या कर्त्याचें नांवहि न जाणतां, बसलेले असतील. तीच कथा येथें सांगावयाची आहे.

लाकडाची बांकदार वस्तु करण्याचा सोपा मार्ग म्हणजे जाड फळींतून ती कापून काढणें. परंतु लाकूड म्हणजे एकाच दिशेनें उभ्या असलेल्या तंतूंची जुडी. कमान कापतांना करवत हे तंतू जागोजाग तोडते, आणि जेथें तंतू तुटले तेथेंच पुढें भार पडला म्हणजे कमान दगा देते. शिवाय फळीचा मोठा भाग भुशांत व तुकड्यांत जातो तो वेगळाच. आपल्या बैलगाडीच्या चाकाचा घेर असेच कापलेले बांकदार तुकडे एकमेकांस जोडून करतात, आणि ते सांधे घट्ट धरून ठेवण्याचें काम लोखंडी धांवेवर सोंपवितात. धांव लाल होईतों तापवून चढवावयाची आणि पाणी ओतून निववावयाची. निवतांना ती आवळते व सगळा घेर एकजीव होतो. ही युक्तीहि थोर आहे. परंतु मूळ लाकूडच वांकवितां आलें तर तंतू एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अखंड राहतात, आणि बोटाएवढी काठीहि माणसाचा भार सोसते.

हें ज्ञान फार जुनें आहे. इ. स. १९२२ मध्यें मिसर देशांतील तुतानखामेन राजाचें थडगें सांपडलें, त्यांत सहा रथ होते. त्या रथांत वांकविलेलें लाकूड आहे, आणि बत्तीसशें वर्षांनंतरहि त्यानें आपलें वळण सोडलेलें नाहीं. नावा बांधणारे लोक फळ्या व फांसळ्या वाफेंत मऊ करून नावेच्या पोटाला बसवीत. इंग्लंडांतील विंडसर नांवाच्या खुर्चीची कमानदार पाठ अठराव्या शतकांत याच रीतीनें होत असे. बोस्टन शहरच्या सॅम्युएल ग्रॅग यानें वांकविलेल्या लाकडाच्या खुर्चीचें पेटंट १८०८ सालीं घेतलें. आपल्याकडेहि वांकडी काठी जाळावर शेकून सरळ करणें खेड्यांतील माणसाला नवें नाहीं. तेव्हां उष्णतेनें लाकूड वश होतें, एवढें सर्वांना ठाऊक होतें. तें कोठपर्यंत वश होतें आणि कोठें उलटतें, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नव्हता.

तो हिशेब असा आहे. लाकडाचे तंतू ज्या द्रव्यानें एकमेकांस चिकटलेले असतात त्यास लिग्निन म्हणतात. ओल आणि उकळत्या पाण्याच्या वाफेइतकी उष्णता मिळाली म्हणजे हें लिग्निन मऊ पडतें, तंतूंना एकमेकांच्या आधारानें किंचित् सरकतां येतें. निवून वाळल्यावर तें पुन्हां घट्ट होतें व नव्या आकाराला धरून ठेवतें. येथवर सोपें आहे. आतां समजा, एक इंच जाडीची पट्टी चार इंच त्रिज्येच्या साच्याभोंवतीं अर्धवर्तुळांत वळवावयाची आहे. वळल्यावर तिची आंतली बाजू सुमारें साडेबारा इंच भरेल आणि बाहेरची जवळजवळ पावणेसोळा. मूळच्या दोन्ही बाजू तर सारख्याच लांबीच्या! तेव्हां एक तर बाहेरच्या बाजूनें ताणून लांब झालें पाहिजे, नाहीं तर आंतल्या बाजूनें दबून आखूड झालें पाहिजे. वाफाळलेलें लाकूड दबण्यास मोठें तयार असतें. चांगल्या जातीचें असेल तर शेंकडा २५ ते ३० पर्यंतहि तें दबतें. ताणून घेण्यास मात्र तें जवळजवळ नाकबूल असतें. शेंकडा एक-दोनपलीकडे ताण गेला कीं बाहेरची बाजू तडकलीच. साधा सुतार साच्याभोंवतीं काठी वळवी तेव्हां थोडा दाब आंत पडे आणि थोडा ताण बाहेर. म्हणून मंद बांक साधे, परंतु वळण तीव्र होतांच काठी फुटे. पिढ्यानुपिढ्या सुतार येथेंच थांबले होते.

मिखाएल थोनेट याचा जन्म ऱ्हाईन नदीच्या कांठीं बोपार्ड या गांवीं २ जुलै १७९६ रोजीं झाला. बाप चामडीं कमावणारा. मुलानें सुतारकी पत्करली आणि १८१९ सालीं स्वतःचें दुकान थाटलें. त्या काळीं जर्मनींत घरगुती सामानांत बांकदार रेषांची आवड वाढली होती, आणि असा एकेक बांक कोरून काढण्यांत कारागिराचे दिवस मोडत. १८३० च्या सुमारास थोनेटनें निराळी वाट धरली. लाकडाचे पातळ पापुद्रे काढावयाचे, त्यांच्या जुड्या सरसांत उकळावयाच्या आणि साच्यांत दाबून वाळवावयाच्या. पातळ पापुद्रा वांकण्यास जड जात नाहीं, आणि वाळल्यावर सगळे मिळून एक बांकदार तुकडा होतो. या रीतीनें केलेल्या त्याच्या खुर्च्या हलक्या, डौलदार आणि स्वस्त होत्या. सरस हवा म्हणून त्यानें १८३७ मध्यें सरस करण्याची एक गिरणीच विकत घेतली.

परंतु युक्ति उघडी पडली कीं शेजारचा सुतारहि ती करणार, हें त्याला कळत होतें. म्हणून त्यानें प्रशिया, फ्रान्स, इंग्लंड, रशिया या देशांत आपल्या शोधाला हक्काचें संरक्षण मिळविण्याची खटपट केली. त्या खटपटींत पैसा गेला, आणि कर्ज झालें. अशा स्थितींत १८४१ मध्यें कोब्लेंझ येथील प्रदर्शनांत त्याच्या वस्तु ऑस्ट्रियाचा प्रधान मेटर्निख याच्या दृष्टीस पडल्या. युरोपांतील राजांना आपल्या मसलतींनीं खेळविणारा हा मुत्सद्दी. त्यानें या सुताराला व्हिएन्नास येण्याचें आमंत्रण दिलें. १८४२ सालीं थोनेट तेथें गेला, आणि त्याच वर्षीं १६ जुलै रोजीं, कोणत्याहि जातीचें लाकूड, मग तें कितीहि ठिसूळ असो, रासायनिक व यांत्रिक उपायांनीं हवें तसें वांकविण्याचा विशेष हक्क त्याला राजदरबारांतून मिळाला. कागदावर त्याचा जय झाला. इकडे बोपार्डला सावकारांनीं त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणली. बायको व मुलें गांव सोडून त्याच्या मागोमाग व्हिएन्नास आलीं. त्या वेळीं तो शेहेचाळीस वर्षांचा होता. तेवीस वर्षांच्या मेहनतीनें जमविलेलें दुकान हातचें गेलें होतें, आणि परक्या शहरांत त्याला व त्याच्या मुलांना दुसऱ्याच्या कारखान्यांत कामाला लागावें लागलें.

कार्ल लाइस्टलर नांवाच्या कारखानदाराकडून लिख्टेनश्टाइन सरदारांच्या वाड्याचें काम चाललें होतें. १८४३ ते १८४६ पर्यंत थोनेट व त्याचे मुलगे तेथें बांकदार लाकडाच्या फरशा आणि खुर्च्या करीत होते. १८४९ मध्यें त्यानें पुन्हां स्वतःचें दुकान काढलें, आणि व्हिएन्नांतील डाउम नांवाच्या कॉफीगृहाला खुर्च्या पुरविल्या. राजवाड्यांत शोभेसाठीं ठेवलेली खुर्ची आणि कॉफीगृहांत दिवसभर ओढली-ढकलली जाणारी खुर्ची यांत फार अंतर आहे. थोनेटचें खरें भाग्य त्या दुसऱ्या खुर्चीनें उघडलें. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनांत त्याला ब्राँझचें पदक मिळालें. १८५३ मध्यें त्यानें धंदा आपल्या पांच मुलांच्या नांवें करून दिला, आणि ‘थोनेट बंधु’ ही पेढी निघाली.

पेढी निघाली तरी एक शल्य उरलेंच होतें. पापुद्र्यांची खुर्ची सरसाच्या भरंवशावर उभी, आणि सरस ओलीला भितो. दूरदेशीं समुद्रावरून माल पाठवावा तर दमट हवेंत सांधे सुटूं लागत. ज्या सरसासाठीं त्यानें गिरणी घेतली होती तोच आतां वैरी झाला. त्याला टाकून द्यावयाचें तर अखंड काठी वांकविली पाहिजे. आणि अखंड काठी तर तीव्र वळणावर फुटते. म्हणजे पंचवीस वर्षांच्या प्रवासानंतर थोनेट पुन्हां त्या जुन्या सुतारांच्याच भिंतीपाशीं येऊन उभा राहिला होता.

ती भिंत त्यानें एका लोखंडी पट्टीनें ओलांडली. काठीच्या ज्या अंगाला बाहेरची बाजू व्हावयाचें त्या अंगाला पातळ पट्टी लावावयाची, तिचीं टोकें काठीच्या टोकांशीं शिकंज्यांनीं घट्ट आवळावयाचीं, आणि मग पट्टीसकट काठी साच्यावर वळवावयाची. लोखंड ताणत नाहीं. म्हणून त्याला जखडलेली लाकडाची बाहेरची बाजूहि ताणली जात नाहीं. जो काय फरक पडावयाचा तो सगळा आंतल्या बाजूला दाबाच्या रूपानें पडतो, आणि दाब सोसण्यास तर लाकूड तयारच असतें. वरच्या उदाहरणांतील पट्टी बाहेरून पावणेसोळा इंचच राहिली आणि आंतून साडेबारापर्यंत दबली, तर तो दाब शेंकडा वीसच्या आसपास येतो. लाकडाच्या शक्तीच्या तो आंतच आहे. यांत जोर वाढविलेला नाहीं, लाकूड बदललेलें नाहीं. लाकडाला काय सोसतें आणि काय सोसत नाहीं एवढें ओळखून, जें सोसत नाहीं तें त्याच्या वांट्याला येऊं दिलेलें नाहीं. इतकी साधी गोष्ट सुचावयाला साठावें वर्ष उजाडलें. १८५६ च्या जुलैंत, वाफेनें अथवा उकळत्या द्रवानें वांकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या व मेजांचे पाय करण्याचा तेरा वर्षांचा हक्क पेढीला मिळाला.

आतां लाकूड हवें होतें, आणि तेंहि पुष्कळ. मोराव्हियांत कोरिचान गांवाभोंवतीं बीच वृक्षांचीं रानें होतीं. बीचचें लाकूड सरळ तंतूंचें आणि वाफेला लवकर वश होणारें. म्हणून थोनेटनें शहर सोडून कारखाना रानापाशीं नेला. १८५७ पर्यंत तो चालू झाला, आणि पुढें थोड्याच वर्षांत बिस्त्रित्से येथें दुसरा उभा राहिला. ओंडके चिरून चौकोनी काठ्या करीत, त्या कांतून गोल करीत, आणि वाफेच्या पेट्यांत कित्येक तास ठेवीत. काठी बाहेर निघाली कीं माणसें ती पट्टीला जखडून बिडाच्या साच्यावर वळवीत, कारण निवण्यापूर्वींच वळण पुरें झालें पाहिजे. मग साच्यासकट ती तापविलेल्या खोलींत वाळे. घांसणें, रंगविणें, रोगण देणें हीं कामें निराळ्या हातांची. बैठकीची वेताची वीण आसपासच्या खेड्यांतील बायका बहुधा आपल्या घरीं बसून करीत, आणि तो वेत येई आशियाच्या आग्नेय टोकाकडील जंगलांतून. जी खुर्ची एका सुतारानें आरंभापासून अखेरपर्यंत करावयाची, ती आतां अनेक हातांत वांटली गेली, आणि त्यांतील बहुतेकांना पुरी सुतारकी येत नव्हती. खुर्ची स्वस्त झाली ती यामुळेंच. आणि कारागिराचें नांव खुर्चीवरून नाहींसें झालें तेंहि यामुळेंच. बोपार्डच्या दुकानांत ज्यानें प्रत्येक बांक स्वतःच्या हातानें जोखला, त्याच्याच कारखान्यांत हातांना नांव उरलें नाहीं, ही या कथेंतली कडू बाजू लपविण्यांत अर्थ नाहीं.

या कारखान्याची कीर्ति झाली ती १४ नंबरच्या खुर्चीनें. ती १८५९ मध्यें निघाली. पाठ व मागचे पाय मिळून एकच लांब तुकडा, पाठीच्या आंतली एक कमान, बैठकीचें कडें, पुढचे दोन पाय, आणि खालीं चारहि पायांना धरून ठेवणारें दुसरें कडें. पुढें ठरलेल्या या घडणींत एकंदर सहा तुकडे, १० स्क्रू आणि २ नट होते. कोठेंहि कोरीवकाम नाहीं, तुकडे एकमेकांस जोडण्यास सरस नाहीं. सुटे तुकडे रचून एक घनमीटर खोक्यांत ३६ खुर्च्या मावत, आणि पोंचलेल्या ठिकाणीं कोणीहि त्या जोडून घेई. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत पेढीला सुवर्णपदक मिळालें. १८६९ मध्यें विशेष हक्क संपला, आणि याकोब व योसेफ कोन यांच्यासारखे प्रतिस्पर्धी मैदानांत उतरले. ३ मार्च १८७१ रोजीं थोनेट व्हिएन्नांत वारला. त्याची खुर्ची मात्र थांबली नाहीं. १९३० पर्यंत या एकाच नमुन्याच्या सुमारें पांच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर झेकोस्लोव्हाकियांतील कारखाने सरकारनें घेतले. बिस्त्रित्से येथें ‘टॉन’ या नांवानें आणि जर्मनींतील फ्रांकेनबर्ग येथें थोनेट घराण्याच्या नांवानें ती खुर्ची आजहि तयार होते.

हलकी, स्वस्त, खोक्यांत मावणारी आणि दमट हवेला न भिणारी वस्तु मुंबईच्या बंदरांत उतरावी यांत आश्चर्य नाहीं. इराणी मंडळींनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईत चहाचीं दुकानें थाटलीं, तेव्हां संगमरवरी मेजांभोंवतीं त्यांनीं मांडल्या त्या याच जातीच्या खुर्च्या. कांहीं थोनेटच्या असतील, कांहीं त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या. घडण मात्र त्याचीच. धोबीतलावावरचें १९०४ सालचें कयानी आणि बॅलार्ड इस्टेटींतील १९२३ सालचें ब्रिटानिया हीं त्यांपैकीं प्रसिद्ध. अशीं कित्येक दुकानें आतां बंद झालीं आहेत. परंतु गिरणगांवचा कामगार, कॉलेजांतला विद्यार्थी, कचेरींतला कारकून आणि नाटकवाला यांना एका रांगेंत, एकाच प्रकारच्या खुर्चीवर, एका चहाच्या किंमतींत बसतां येई, हें त्या दुकानांचें वैशिष्ट्य होतें. व्हिएन्नाच्या कॉफीगृहासाठीं केलेल्या खुर्चीनें मुंबईतहि तेंच काम केलें. त्या खुर्च्यांवर बसून आपण साहित्य, राजकारण व वेदान्त यांवर वाद घातले. बुडाखालच्या कमानीकडे मात्र क्वचितच कोणी वांकून पाहिलें असेल.

ज्याला तें पाहावयाचें आहे त्याला कारखान्याची गरज नाहीं. घरच्या पडवींतहि हा प्रयोग होतो. काठीच्या मापाची लांबट लाकडी पेटी, तिच्यांत नळीनें वाफ सोडणारी पाण्याची किटली, आणि वाफ साठून पेटी फुटूं नये म्हणून तिला एक भोंक, एवढी सामग्री पुरते. लाकूड सरळ तंतूंचें व बिनगांठीचें असावें. भट्टींत कडकडीत वाळविलेलें नसावें, हवेंत वाळून थोडी ओल राहिलेलें असावें. जाडीच्या दर इंचाला तासभर वाफ द्यावी, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. मग हातांत जाड मोजे घालून, बाहेरच्या अंगाला पट्टी आवळून, एक-दोन मिनिटांच्या आंत काठी साच्यावर वळवावी आणि दिवसचे दिवस तेथेंच बांधून ठेवावी. सोडल्यावर ती थोडी उलटते, म्हणून साच्याचा बांक मुळांतच जरा अधिक ठेवावा. पहिली काठी बहुधा फुटतेच. परंतु दुसरी किंवा तिसरी, पट्टीच्या आधारानें, हातांखालीं हळूहळू दबत वळूं लागते, तेव्हां त्या वैदिक कवीनें देवाला वळविण्यासाठीं याच कामाची उपमा कां निवडली असावी, तें तळहातांना कळतें.

मराठींत ‘वळण’ या एकाच शब्दानें आपण रस्त्याचा बांक, अक्षराची धाटणी आणि मुलाची वागणूक हीं तिन्हीं सांगतों. मुलाला वळण लावावें, असें प्रत्येक घरांत म्हणतात, आणि तें लावतांना ताण किती द्यावा याचा विचार थोड्याच घरांत होतो. थोनेटच्या पट्टीचा धडा येथें ओढून ताणून लावण्याची इच्छा नाहीं. इतकेंच म्हणावयाचें, कीं ज्या सुताराला ऋषींनीं, भिक्षूंनीं आणि ग्रीक कवींनीं उपमेंत बोलाविलें, त्याच्या पडवींत जाऊन बसण्यासारखें पुष्कळ आहे. तेथें लिहिलेला ग्रंथ नसेल. वाफेची पेटी असेल, फुटलेल्या काठ्यांचा ढीग असेल, आणि त्या प्रत्येक काठीनें सोसणें कोठें संपतें तें त्याला एकदां दाखविलेलें असेल.